शिकत राहण्यात तुमची जमेची बाजू कोणती, लंगडी बाजू कोणती?

डाळमिलचा मुनीम (जळगाव)

धागा जरा लांबणार आहे, सावकाश वाचा.

मी इथल्या एका डाळमिलमध्ये हिशेब बघतो. वय पन्नाशीला टेकलं. शिकायची हौस मात्र कॉलेजातल्या पोराला लाजवील अशी. मोडी, पेटी, उर्दू, पायथन, शेअरबाजाराचे आलेख, सगळ्यांची एकेक वही आहे आणि प्रत्येक वहीची सुरुवातीची पानं वळणदार अक्षरात भरलेली आहेत. त्यापुढे कोरी. आमच्या सौ. त्या कोऱ्या पानांवर किराण्याच्या याद्या करतात. मोडीच्या बाराखडीमागे 'तूरडाळ नको, घरची आहे' असं लिहिलेलं सापडतं.

आता गंमत अशी, की 2017 च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा हेच डोकं नीट चाललं. व्हॅटची वर्षानुवर्षांची सवय मोडून एचएसएन कोड, इनपुट क्रेडिट, विवरणपत्रं, सगळं बसवलं. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबलवाल्या डाळीला 5 टक्के लागू झाले, तेव्हा आसपासच्या मिलवाले माझ्याकडेच विचारायला येत होते. म्हणजे डोक्यात काही शिरत नाही असं नाही. हौसेनं घेतलेलं गळून जातं आणि गळ्यात पडलेलं टिकतं, हे काय गौडबंगाल आहे?

मी माझा ताळेबंद मांडून पाहिला. जमेला: नव्याची भीती नाही, लहान पोरालाही विचारायची लाज नाही, टिपणं नेटकी. नावे: पहिला कंटाळा आला की दुसरीकडे उडी. व्हिडिओ बघितला की आपल्याला आलं असं वाटतं. आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे काही शिकायला घेतलं की लगेच चारचौघांत सांगून मोकळा होतो. सांगून झालं की निम्मी हौस तिथेच भागते.

तुम्हीही आपापला ताळेबंद मांडा. नोकरीतलं, शेतातलं, घरातलं, काहीही चालेल. फक्त 'पहाटे पाचला उठा' छाप सल्ले नकोत. पाचला मी उठतोच, दूध आणायला.

वरणबट्टी (धुळे)

तुमच्या वह्या निदान किराण्याला कामी आल्या. माझी ॲपं मोबाईलमध्ये नुसती जागा अडवून बसलीत. जर्मन शिकवणारं हिरवं घुबड रोज रात्री रागावतं, मी रोज रात्री त्याला बाजूला सारतो. हीच माझी एकमेव नियमित सवय.

लाल-हिरवी झेंडी (भुसावळ)

मी रेल्वेत गार्ड होतो. 2022 पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण मी गार्ड म्हणूनच उतरलो.

मुनीमजींच्या कोड्याचं उत्तर रेल्वेनं फार पूर्वी नियमात घालून ठेवलंय. नवा सेक्शन मिळाला की गार्ड असो की ड्रायव्हर, त्याला आधी 'रोड लर्निंग' करावं लागतं. त्या मार्गावर काम करणाऱ्या माणसाबरोबर फेऱ्या मारायच्या, त्यात एक रात्रीची. कोणता सिग्नल वळणामुळे उशिरा दिसतो, चढ कुठे लागतो, उतारावर गाडी कुठे पळायला लागते, हे सगळं डोळ्यांत भरून घ्यायचं. मग सही करायची, की मला हा रस्ता ठाऊक आहे.

आता पुढचं ऐका. त्या सेक्शनवर तीन महिन्यांहून जास्त काळ गाडी नेली नाही, तर ती सही पुरत नाही. तीन ते सहा महिने गेले असतील तर पुन्हा एक फेरी, सहा महिने ते दोन वर्षं गेली असतील तर दोन, त्याहून जास्त असेल तर तीन. त्याच रुळांवर आयुष्य घालवलेला माणूस असला तरी सूट नाही. 'मला आठवतंय' या वाक्यावर रेल्वे विश्वास ठेवत नाही, आणि बरोबर करते.

याशिवाय ठराविक वर्षांनी रिफ्रेशर कोर्स असायचा, इथे भुसावळलाच मोठी प्रशिक्षण संस्था आहे. शेवटी परीक्षा. तिची धास्ती पोटात असायची म्हणून नियम आजही तोंडपाठ आहेत. झोपेत उठवून विचारा. ही झाली जमा.

लंगडी बाजू अशी, की बोलावणं आल्याशिवाय मी आयुष्यात काही शिकलो नाही. आता बोलावणारं कोणी नाही. मुलानं टॅब आणून दिला, म्हणाला, बाबा, इतिहासाची व्याख्यानं ऐका. ऐकतो. ऐकताना सगळं पटतं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर कोणी विचारलं, काल काय ऐकलं, तर दोन वाक्यांपुढे गाडी जात नाही.

सातपुड्याचा पायथा (रावेर)

जिभाऊ, तुमचा तीन महिन्यांचा नियम शेतकऱ्याला लावला तर आम्ही सगळेच बाद. आमचा वर्ग या जुलैत भरतो आणि पेपर पुढच्या जुलैत असतो.

उदाहरण देतो. केळीवरचा हरण्या रोग, पुस्तकात ज्याला सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) म्हणतात, तो पावसाळ्यातल्या ढगाळ, रिपरिप हवेत जोर करतो. मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, तेव्हा कोवळी असते. कृषी विज्ञान केंद्राची माणसं येतात, शिवारफेरी होते. ते सांगतात, हा विषाणू आहे, झाडाला औषध नाही. तो पसरवते मावा ही कीड, तिचा बंदोबस्त करा. रोगट झाड दिसलं की मुळासकट उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करा. बागेत काकडी-भोपळ्याच्या वेली, टोमॅटो, मिरची घेऊ नका, विषाणू त्यांच्यावरही राहतो. सगळे माना हलवतात. वर्षानं विचारा कोणाला काय आठवतं. फवारणीच्या बाटलीचं नाव सगळ्यांना आठवतं, कारण तिला पैसे मोजले होते. बांधावरच्या भोपळ्याच्या वेलीचं एकालाही आठवत नाही, आणि ती वेल तिथेच असते.

माझी जमेची बाजू डोळा. मोटरसायकलवरून जाताना सांगीन कोणाच्या बागेला पाणी कमी पडतंय. लंगडी बाजूही त्याच डोळ्यातून निघते: शेजाऱ्यानं केलं की आपण करायचं. त्याची जमीन काळी, माझी मुरमाड, तरी तो ठिबकमधून जे सोडेल ते मी सोडणार. 'का सोडतोस' हे विचारणार नाही, कारण विचारलं तर आपल्याला कमी कळतं असं दिसतं. पारावर 'मला माहीत नाही' म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. म्हणून मुनीमजी, तुमची ती विचारायला न लाजण्याची जमा तुम्ही फार स्वस्तात मांडली.

वहीचं म्हणाल तर मी विषयवार लिहिणं सोडून दिलं. 'खते', 'रोग', 'पाणी' अशा मथळ्यांखाली लिहिलेलं मला वेळेवर कधीच सापडलं नाही. आता नक्षत्रवार वही आहे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. आर्द्रात जे कळलं ते आर्द्राच्या पानावर. पुढच्या वर्षी आर्द्रा निघालं की आधी ते पान उघडायचं, मग बागेत जायचं. खाली त्या वर्षीचं नवं लिहायचं. एका पानावर चार-पाच वर्षांची आर्द्रा शेजारी शेजारी दिसली की आपण काय काय विसरत होतो ते कळतं.

कोरी पाटी (जळगाव)

नक्षत्रवही! भाऊ, एक पान फोटो काढून टाका ना.

मी मानसशास्त्र शिकवते. वरच्या दोन प्रतिसादांत जे आलंय त्यावर संशोधन भरपूर आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं 1885 मध्ये विसरण्याचा वेग मोजून प्रसिद्ध केला. प्रयोग स्वतःवरच. अर्थ नसलेले अक्षरगट पाठ करायचे आणि काही काळानं तेच पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते बघायचं. उतार सुरुवातीला तीव्र निघाला, पुढे सपाट होत गेला. तेव्हा विसरणं ही कोणाची लंगडी बाजू म्हणून मांडू नका, ती सगळ्यांच्याच खात्यात आहे. रेल्वेनं फक्त ते मान्य करून वेळापत्रक आखलं.

मुनीमजींचा 'बघितलं की आलं' हा भ्रम जास्त घातक. 2006 मध्ये रोडिगर आणि कारपिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं तपासलं तर चित्र उलटं, लिहून काढणारे स्पष्टपणे पुढे. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री कोणाला होती? पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना.

म्हणून मुनीमजी, तुमच्या ताळेबंदातली एक नोंद मी खोडणार आहे. नेटकी टिपणं तुम्ही जमेला धरलीत. 2013 मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास अंतराअंतरानं पसरवणं या दोनच पद्धती वरच्या श्रेणीत बसल्या. अधोरेखन, पुनर्वाचन आणि सारांश लिहिणं खालच्या. सुंदर अक्षरात उतरवताना हात काम करत असतो, आठवण नाही. तुमचा जीएसटी टिकला कारण दर महिन्याला विवरणपत्र तुमची परीक्षा घेत होतं आणि चुकलं तर दंड होता. मोडीची परीक्षा कोण घेतं?

आता माझा ताळेबंद. जमेला: हे सगळं वाचलंय. नावे: गेली काही वर्षं कन्नड शिकतेय आणि यातलं काहीही त्याला लावलेलं नाही.

वरणबट्टी (धुळे)

ताई 😂 डॉक्टरांच्या घरी खोकला तसाच.

रंगीत खडू (नंदुरबार)

माझं मत वेगळं आहे. प्रत्येकानं आधी आपली शिकण्याची शैली ओळखावी. आमच्या कंपनीच्या शिबिरात चाचणी घेतली होती, त्यात मी 'व्हिज्युअल लर्नर' निघालो. तेव्हापासून मी वाचनाच्या भानगडीतच पडत नाही. आकृत्या आणि व्हिडिओ. ज्याला जे मानवतं ते त्यानं करावं, उगाच सगळ्यांनी लिहून काढा हा आग्रह कशाला?

कोरी पाटी (जळगाव)

आवड असते, ती नाकारत नाही. पण ज्याची जी शैली त्याला त्या शैलीत शिकवलं की तो जास्त शिकतो, हा दावा 2008 मध्ये पाशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला आणि त्याला पुरेसा पुरावा नाही असं लिहिलं. कशात काय शिकायचंय यावर पद्धत ठरते. नकाशा ऐकून कळत नाही आणि उच्चार बघून येत नाही, कोणाची शैली काहीही असो. त्या चाचणीनं तुमचं नुकसान एवढंच केलं की वाचन सोडायला सर्टिफिकेट दिलं.

रंगीत खडू (नंदुरबार)

सर्टिफिकेट तर खरंच दिलं होतं. लॅमिनेट करून ठेवलंय.

वायरमन (शिरपूर)

खरं शे ताई. मी बी असंच म्हणायचो, माले हातनं काम येस, पुस्तकनं नई. आयटीआयला थिअरीच्या तासाला मागच्या बाकावर झोपायचो, प्रॅक्टिकलला पहिला.

आता सोलर पंपाची कामं करतो. मागे एका शेतात गेलो. तिथं आधीच्या कोणीतरी पाणी जास्त यावं म्हणून सिरीजमध्ये एक पॅनल वाढवलेलं. उन्हाळाभर झकास चाललं. जानेवारीत सकाळी सकाळी कंट्रोलर बंद पडायला लागला. शेतकरी म्हणे, ऊन आहे, आभाळ मोकळं आहे, मग काय झालं? सगळे जॉइंट तपासले, वायर तपासली, हाताला काही सापडेना. शेवटी कंट्रोलरसोबत आलेलं माहितीपत्रक काढलं. त्यात सरळ लिहिलेलं: पॅनल जितकं थंड तितकं त्याचं व्होल्टेज जास्त. सिरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते. मे महिन्यात पॅनल तापलेलं असतं म्हणून बेरीज मर्यादेत राहते, थंडीत सकाळी ती मर्यादेबाहेर जाते आणि कंट्रोलर स्वतःला वाचवायला बंद होतो.

ज्यानं ते जोडलं त्यानं मेमध्ये चालवून बघितलं असेल. हातानं करून बघितलं, चाललं, म्हणजे बरोबर, असं त्याला वाटलं असणार. पण हाताला फक्त मे माहीत होता. तवापासून नव्या वस्तूचं माहितीपत्रक मी घरी नेतो. इंग्रजी कळत नाही तिथं पोरीला विचारतो. ती आठवीत आहे, भाव खाते.

वरणबट्टी (धुळे)

भाऊ, आता एआयला विचारायचं ना. फोटो काढला की मराठीत उत्तर.

वायरमन (शिरपूर)

विचारतो. पण शेतात रेंज नसते. अन् उत्तर त्याच्याकडं राहतं, माझ्याकडं येत नाही. दुसऱ्या वेळी पुन्हा विचारावं लागतं.

घरचा अभ्यास (अमळनेर)

सगळं वाचलं. मुनीमभाऊ, राग मानू नका, पण तुमच्या जमेच्या बाजूला एक नोंद राहिली: जेवणाचं ताट आयतं समोर येतं.

मी लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये सुरू झालं आणि माझ्यासारख्या किती जणी त्यातून बाहेर पडल्या ते आमच्या गल्लीत मोजलं तरी कळेल. सासरी दुपारी दीड ते तीन एवढीच वेळ माझी होती. तीही पापड, बिबडे, पाहुणे यांच्या कृपेवर. तुम्ही म्हणता कंटाळा आला की दुसरीकडे उडी. मला कंटाळा यायला वेळच मिळाला नाही. एक प्रश्न सकाळी वाचायचा, भाकरी थापताना मनात उत्तर जुळवायचं, दुपारी पुस्तक न उघडता लिहून बघायचं. कोरी पाटीताईंनी सांगितलेलं ते संशोधन मी चुलीपुढे करत होते म्हणायचं.

लंगडी बाजू सांगते. परीक्षा संपली आणि मी थांबले. पदवीच्या पुस्तकांना त्यानंतर हात लावला नाही. नवऱ्यानं मोफत ऑनलाइन कोर्स दाखवले, स्वयम् वगैरे. नाव घातलं, दोन धडे झाले, सोडलं. तारीख नसली की मी शिकत नाही. आणि मुख्य म्हणजे कोणी मागत नसताना काही शिकणं मला अजून चैन वाटते. हे माझ्या एकटीचं नाही हे मला माहीत आहे.

बाय द वे, कोऱ्या पानांवर याद्या करणाऱ्या वहिनींना काय शिकायचंय ते कोणी विचारलं का?

डाळमिलचा मुनीम (जळगाव)

विचारलं ताई. उत्तर असं: 'ब्लाउजच्या कटिंगचे व्हिडिओ बघून बघून शिकले, आता शेजारच्या तिघींचे मीच शिवते. तुम्हाला मशीनचा आवाज येत नाही का?'

आवाज येत होता. मी त्याला मशीनचा आवाज समजत होतो.

वरणबट्टी (धुळे)

या धाग्यावर शाळा, परीक्षा, विद्यापीठ फार झालं. आपल्या बहिणाबाई कुठे शाळेत गेल्या होत्या? शिकायचं ते माणूस शेतात, जात्यावर शिकतोच.

घरचा अभ्यास (अमळनेर)

हे उदाहरण प्रत्येक वेळी येतं म्हणून उत्तर देते. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी, मुलगा सोपानदेवांनी ते उतरवून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत आलं, आणि पुस्तक निघालं 1952 मध्ये, त्या गेल्यावर. ज्यांच्या घरी उतरवणारं कोणी नव्हतं अशा बायांचं सगळं त्यांच्याबरोबर गेलं. शाळा न मिळण्यात मोठेपणा नव्हता. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, तिथल्या फाटकातून आत जायचं तर दाखला लागतो.

वरणबट्टी (धुळे)

मान्य. 🙏

पाटणादेवी (चाळीसगाव)

थोडं अवांतर, पण आपल्या खानदेशातलं म्हणून. आमच्या पाटण्याला 1207 सालचा शिलालेख सापडला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाकडे ज्योतिषी होता, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ काढला. निकुंभ घराण्यानं त्याला दान दिलं, त्याची ही नोंद. डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख उजेडात आणला.

मला यातलं आवडतं ते असं, की 'लोकांनी हौसेनं शिकावं' असं चांगदेवानं म्हटलं नाही. जागा नेमली, शिकवणाऱ्याच्या पोटाची सोय लावली. आपण सगळे मोबाईलवर एकएकटे शिकतो आणि टिकलं नाही की स्वतःच्या स्वभावाला बोल लावतो.

माझा ताळेबंद एका ओळीत: गटात असलो की घोडा, एकटा असलो की झोपाळू.

पाटी-पेन्सिल (धडगाव)

मी इथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मूळ पारोळ्याकडचा, घरची बोली अहिराणी. पहिलीतली मुलं पावरी बोलतात. पुस्तक मराठी. सुरुवातीला मी बोललेलं त्यांना कळेना, त्यांचं मला. मग शिकणं भागच होतं. मुलांकडूनच शिकलो. वस्तू दाखवायची, ती नाव सांगतात, मी म्हणतो, ती हसतात, पुन्हा म्हणतो. सहा वर्षांच्या मुलाइतका कडक आणि मोकळा गुरू दुसरा नाही. मार्क देत नाही, सरळ हसतो.

आता लंगडी बाजू. वर्ग चालवण्यापुरती पावरी आली आणि तिथेच मी थांबलो. पालक आपसांत बोलतात, लग्नात गाणी म्हणतात, जुनी माणसं गोष्ट सांगतात, त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. इतकी वर्षं रोज बोलतोय तरी पुढे सरकत नाही. सराव रोजचा आहे, वाढ शून्य. आधी वाटायचं, वय झालं. पण तसं नसावं. काम भागतंय ना, मग डोकं जास्त मागत नाही.

कोरी पाटीताई, यावर काही आहे का तुमच्याकडे?

कोरी पाटी (जळगाव)

आहे, आणि तुम्ही ते नेमकं पकडलंत. अँडर्स एरिक्सन यांनी 1993 मध्ये सहकाऱ्यांबरोबर व्हायोलिन वाजवणाऱ्यांवर काम केलं. त्यांचा मुद्दा असा, की नुसतं रोज करत राहणं आणि जे जमत नाही त्यावर मुद्दाम काम करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. किती सराव म्हणजे किती फरक पडतो यावर नंतर पुष्कळ वाद झाले, तो भाग सोडून देऊ. पण काम भागायला लागलं की सुधारणा थांबते, हे टायपिंगपासून गाडी चालवण्यापर्यंत सगळीकडे दिसतं. तुम्हाला वर्गाबाहेरची पावरी हवी असेल तर वर्गाबाहेरचं काहीतरी अंगावर घ्यावं लागेल. एखाद्या आजीची गोष्ट ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी तिलाच परत सांगायची.

मुनीमजी, तुमच्यासाठी सोपी युक्ती. 1972 मध्ये झेबास्टियान लाइट्नर यांनी चिठ्ठ्यांच्या खोक्याची पद्धत मांडली. चिठ्ठीच्या एका बाजूला मोडी, मागे देवनागरी. खोक्यात कप्पे करायचे. वाचता आली तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकली तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे लांब अंतरानं. येणारं कमी वेळा समोर येतं, न येणारं पुन्हा पुन्हा. वह्या विकत घेऊ नका, मिठाईचा खोका पुरतो.

वरणबट्टी (धुळे)

मुनीमजी, चिठ्ठ्या करा नाहीतर नका करू, माझ्याकडे खरं काम आहे. आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचे मोडी कागद निघालेत. फोटो पाठवतो. वाचून द्या, घाई नाही. पण भाऊबंदकीचा मामला आहे, तेव्हा फार उशीरही नको.

डाळमिलचा मुनीम (जळगाव)

पाठवा. आधीच सांगतो, छापील बाराखडी वेगळी आणि कारकुनी हात वेगळा. शब्द सुटे लिहिलेले नसतात, सगळी ओळ सलग. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आणि यावर निर्णय घेऊ नका, जाणकाराकडून तपासून घ्या. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ तुमच्या दारातच आहे.

(दोन दिवसांनी) पहिली ओळ लागली. दुसऱ्या ओळीत 'बिघे' वाचता येतंय, त्यापुढे आकडा आणि मग अडकलोय. 'पांड' असावं का? वीस पांडांचा एक बिघा, त्या हिशेबानं आकडा वीसच्या आतला हवा, आणि तो तसा आहे. आणखी एक गोष्ट, हे मी अजून घरीसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही.

पाटणादेवी (चाळीसगाव)

पांडच असणार. त्याच्यापुढे चतुःसीमा सुरू होते का बघा. पूर्वेस, पश्चिमेस अशी रांग लागली की वाचन सोपं होतं, तेच तेच शब्द येतात.

सातपुड्याचा पायथा (रावेर)

कोरी पाटीताई, आर्द्राच्या पानाचा फोटो टाकलाय. अक्षर माझं आहे, चहाचा डाग मुलाचा. डाव्या कडेला फुली आहे ते 'सांगितलं होतं, केलं नाही'. फुल्या जास्त आहेत, हसू नका.

लाल-हिरवी झेंडी (भुसावळ)

पाटी-पेन्सिल गुरुजी, तुमच्या मुलांनी आगगाडी पाहिली आहे का?

पाटी-पेन्सिल (धडगाव)

बहुतेकांनी नाही जिभाऊ. सगळ्यात जवळची रेल्वे म्हणजे घाट उतरून खाली, तापी ओलांडून. काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यांनी लांबून पाहिली असेल. तुम्ही या ना. बोलावणं आल्याशिवाय शिकत नाही म्हणालात, हे घ्या बोलावणं. सिग्नल कसा चालतो ते मुलांना सांगायचं.

लाल-हिरवी झेंडी (भुसावळ)

येतो. दिवाळीच्या सुट्टीनंतरची तारीख द्या. कालपासून लिहायला बसलोय आणि एका जागी अडलो. हिरवा म्हणजे जा, लाल म्हणजे थांब, इथपर्यंत ठीक. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल ठरलेल्या कमी वेगानं ओलांडायच्या तयारीत राहा. हे आम्हाला इंग्रजी वाक्यात पाठ होतं, पोराला कसं सांगायचं? त्यात पावरी मला येत नाही.

पाटी-पेन्सिल (धडगाव)

वाक्य नकोच. मैदानात फक्कीनं रूळ आखू, मुलं गाडी होतील, तुम्ही सिग्नल व्हा. चुकलं तर ती स्वतःच सांगतील. पावरीत मी बोलतो, जिथे अडेन तिथे तीच मला शिकवतील. भुसावळहून नंदुरबारपर्यंत गाडीनं या, तिथून शहादा, शहाद्याहून सकाळची धडगाव एसटी धरा. दुपारची धरू नका, घाटात अंधार होतो. झेंड्या दोन्ही आणा. शिट्टी असेल तर तीही आणा, पण ती शेवटी काढा, आधी काढली तर वर्ग आवरणार नाही.